सरहद्दीचे डॉक्टर खानसाहेब

पाकिस्तान अस्तित्वात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. २२ ऑगस्ट १९४७ रोजी कराचीहून आलेल्या आदेशानुसार पेशावरच्या गव्हर्नरने वायव्य सरहद्द प्रांताचे मंत्रिमंडळ बरखास्त केले. आदल्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत या सरकारने पन्नासपैकी तीस जागा जिंकल्या होत्या. ते बहुमत टिकून आहे की गेले, हे सभागृहात तपासून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. अविश्वासाचा ठराव मांडला गेला नाही, विधानसभेची बैठकही बोलावली गेली नाही. नव्या राष्ट्रातले पहिले लोकनियुक्त सरकार असे घरी गेले. त्या सरकारच्या मुख्य प्रधानांचे नाव खान अब्दुल जब्बार खान. सारा प्रांत त्यांना डॉक्टर खानसाहेब म्हणत असे.

मराठी वाचकाला त्यांचे धाकटे बंधू चांगले परिचयाचे आहेत. सरहद्द गांधी, बादशहा खान, खान अब्दुल गफारखान. त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्रही आपल्याच दीनानाथ गोपाळ तेंडुलकरांनी लिहिले. थोरल्या भावाच्या वाट्याला मात्र इतिहासात एखादे वाक्य येते, तेही बहुधा ‘सरहद्द गांधींचे बंधू’ एवढेच. हा अन्याय आहे. गफारखानांनी पठाणांना बंदूक खाली ठेवून ताठ उभे राहायला शिकवले. त्या जागृतीतून मते मिळवणे, मतांतून सरकार उभे करणे, ब्रिटिश गव्हर्नर, दिल्लीतले काँग्रेसश्रेष्ठी आणि मुस्लिम लीग या तिघांशी एकाच वेळी वाटाघाटी करत ते सरकार चालवणे, हे काम डॉक्टरांनी केले. फाळणीने सरहद्दीचे काय केले हे समजून घ्यायचे तर त्यांचे आयुष्य पाहावे लागते.

उत्मानझईचा मुलगा

पेशावरच्या ईशान्येला चारसद्द्याजवळ उत्मानझई नावाचे गाव आहे. तिथले जमीनदार बहरामखान यांच्या घरी १८८३च्या सुमारास अब्दुल जब्बार यांचा जन्म झाला. गफारखान त्यांच्याहून सातेक वर्षांनी लहान. मुल्लांना मिशनऱ्यांच्या शाळा मान्य नसत, तरीही बहरामखानांनी दोन्ही मुलांना पेशावरच्या एडवर्ड्स मिशन शाळेत घातले. थोरला तिथून मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाला. पुढे लंडनला जाऊन सेंट थॉमस रुग्णालयात त्याने वैद्यकीचे शिक्षण पुरे केले. लंडनमध्येच त्याची जवाहरलाल नेहरूंशी ओळख झाली. ही मैत्री पुढे चाळीस वर्षे दोघांच्याही राजकारणात कधी आधार तर कधी ओझे होऊन राहिली.

डॉक्टरांनी तिथेच मेरी नावाच्या इंग्रज तरुणीशी लग्न केले. घरी आईला हे फार लागले. एक मुलगा विलायतेने नेला, आता दुसराही जाईल, या भीतीने तिने गफारला परदेशी जाऊ दिले नाही. धाकटा गावात राहिला, शाळा काढू लागला आणि लोकसेवेकडे वळला. दोन भावांच्या वाटा इथेच वेगळ्या झाल्या. एक मातीतून घडत गेला, दुसरा साहेबाच्या जगात वावरून, त्याची भाषा आणि रीत आत्मसात करून परतला.

पहिल्या महायुद्धात डॉक्टर फ्रान्सच्या आघाडीवर होते. युद्धानंतर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून त्यांची नेमणूक मर्दानच्या गाइड्स पलटणीत झाली. त्याच सुमाराला वझिरिस्तानातल्या टोळ्यांवर ब्रिटिश फौजा चालून जात होत्या. त्या मोहिमेवर जाण्याचा हुकूम आला तेव्हा डॉक्टरांनी नकार दिला आणि १९२१ मध्ये नोकरीचा राजीनामा दिला. आपल्याच माणसांवर चालून जाणाऱ्या फौजेत त्यांना राहायचे नव्हते. मग त्यांनी पेशावरात दवाखाना थाटला.

सरहद्द म्हणजे काय होती

पुढचा प्रसंग नीट कळायचा तर या प्रांताची घडण ध्यानात घ्यायला हवी. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने पंजाबपासून तोडून हा प्रांत निर्माण केला. हजारा, मर्दान, पेशावर, कोहाट, बन्नू आणि डेरा इस्माईल खान या जिल्ह्यांत कायद्याचे राज्य होते. त्यांच्या पलीकडे ड्युरंड रेषेपर्यंत टोळ्यांचा मुलूख पसरला होता. तिथे पोलिटिकल एजंट भत्ते वाटून, मलिकांना म्हणजे टोळीप्रमुखांना हाताशी धरून आणि वेळ पडली तर विमानातून बाँब टाकून साम्राज्याची सीमा राखत. पेशावरचा गव्हर्नर दोन टोप्या घालत असे. जिल्ह्यांपुरता तो प्रांताचा गव्हर्नर होता आणि टोळ्यांच्या मुलखात थेट व्हाइसरॉयचा प्रतिनिधी. म्हणजे पुढे कोणी पठाण लोकांच्या मतांवर मुख्य प्रधान झाला, तरी निम्म्या पठाणांवर त्याचा काडीचा अधिकार चालणार नव्हता.

रशियाची भीती दाखवून इथे लोकशाही सतत लांबणीवर टाकली गेली. १९१९च्या सुधारणा इतर प्रांतांना मिळाल्या. सरहद्दीला कायदेमंडळ मिळाले ते १९३२ मध्ये, आणि त्याआधी तिला रक्त सांडावे लागले.

१९२९च्या अखेरीस गफारखानांनी खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. विटकरी रंगाच्या कपड्यांमुळे लोक त्यांना लाल डगलेवाले म्हणू लागले. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सहकारी शिपायांनी गोळी झाडायला नकार दिला, तो हाच दिवस. विठ्ठलभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने केलेल्या चौकशीचा अहवाल सरकारने जप्त केला. अटक झालेल्या खिदमतगारांनी मदतीसाठी आधी मुस्लिम लीगचे दार ठोठावले होते. तिथून प्रतिसाद आला नाही, काँग्रेसने मात्र हात दिला. नव्वद टक्क्यांहून अधिक मुसलमान असलेला प्रांत काँग्रेसच्या मागे का गेला, याचे उत्तर इथे आहे. इंग्रजांच्या मर्जीतले बडे खान एका बाजूला होते आणि छोटे जमीनधारक, कुळे, कारागीर दुसऱ्या बाजूला. धर्म दोघांचाही एकच होता.

तुरुंग, वर्धा, दिल्ली

डिसेंबर १९३१ मध्ये दोन्ही भावांना अटक झाली. खटला न चालवता त्यांना प्रांताबाहेरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. ऑगस्ट १९३४ मध्ये सुटका झाली, तीही सरहद्द आणि पंजाब या दोन्ही ठिकाणी पाऊल टाकायचे नाही या अटीवर. घरच्या दारी बंदी झालेल्या या दोघा पठाणांना जमनालाल बजाजांनी वर्ध्याला बोलावले. महाराष्ट्राशी या घराण्याचा संबंध जडला तो असा. गांधीजींच्या सहवासात ते तिथे राहिले. याच वर्ध्याला डिसेंबर १९३४ मध्ये गफारखानांना पुन्हा अटक झाली. मुंबईत दिलेल्या एका भाषणाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

त्याच काळात डॉक्टरांच्या राजकारणाला मात्र वेगळे वळण लागले. मध्यवर्ती कायदेमंडळाच्या १९३४च्या निवडणुकीत सरहद्दीच्या जागेवर ते उभे राहिले. मतदारसंघात जाण्याची मनाई होती. उमेदवार गैरहजर असताना लोकांनी त्याला निवडून दिले. दिल्लीच्या त्या सभागृहात डॉक्टर संसदीय रीतभात शिकले. जे भावाला कधी रुचले नाही ते त्यांना जमू लागले. नियमांच्या चौकटीत राहून झगडणे, विरोधकाशी सभागृहाबाहेर मोकळेपणाने बोलणे, आज अर्धे पदरात पाडून उद्या उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा उभे राहणे, हा त्यांचा पिंडच होता.

पेशावरचे सरकार

१९३७च्या निवडणुकीत पन्नासपैकी एकोणीस जागा जिंकून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. तरी पहिले मंत्रिमंडळ सर साहेबजादा अब्दुल कय्यूम यांनी बनवले. सप्टेंबरात ते अविश्वासाच्या ठरावावर कोसळले आणि ७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉक्टर खानसाहेब मुख्य प्रधान झाले. त्याच वर्षी मुंबईत बाळासाहेब खेरांचे सरकार आले होते. पण खेरांचा पक्ष बहुमताच्या अगदी जवळ होता. डॉक्टरांना मित्रपक्ष आणि अपक्षांची मोट बांधत पेशावरात दोन वर्षे काढावी लागली.

या सरकारने राजकीय कैदी सोडले. बड्या खानांना मिरवण्यासाठी दिलेली ऑनररी मॅजिस्ट्रेटची पदे रद्द केली. कर्जबाजारी शेतकऱ्याला दिलासा देणारे कायदे आणले. कालपर्यंत ज्याच्या अंगणात न्याय मागायला जावे लागे, त्या खानाची सरकारी खुर्ची काढून घेतली गेली. सामान्य पठाणासाठी हा बदल फार मोठा होता. ज्यांच्या खुर्च्या गेल्या, तेच खान पुढे मुस्लिम लीगच्या सरहद्दीवरच्या बांधणीचे खांब झाले. लीगला इथे मुळे धरायला जमीन मिळाली ती या दुखावलेल्या हितसंबंधांमुळे.

या सरकारच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. १९३८ मध्ये मर्दान जिल्ह्यातल्या गल्ला ढेर येथे तोरूच्या नवाबाच्या कुळांनी बेदखलीविरुद्ध आंदोलन केले. काँग्रेसच्या सरकारने त्या शेतकऱ्यांना अटक केली. लाल डगले घालून ज्यांनी आपल्याला निवडून दिले, त्यांच्यावरच पोलीस पाठवण्याचा हा प्रसंग डॉक्टरांच्या कारकिर्दीवरचा डाग आहे. पण कायदा मोडणारा कोण आहे हे न पाहता कायदा राखायचा, ही त्यांची धारणा होती. राज्य करणे आणि आंदोलन करणे या दोन कामांतले अंतर त्यांनी दोन्ही बाजूंनी अनुभवले होते.

गव्हर्नर सर जॉर्ज कनिंगहॅम यांच्याशी त्यांचे वैयक्तिक संबंध चांगले होते. धोरणावर खडाजंगी झाली तरी मनात गाठ राहत नसे. डॉक्टरांकडे कोणालाही थेट जाता येई. दारावर पहारा ठेवणे त्यांना मानवत नसे. महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसने सर्व प्रांतांतली सरकारे सोडली, तेव्हा नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांनीही राजीनामा दिला. १९४३ मध्ये काँग्रेसचे काही आमदार तुरुंगात असताना औरंगजेबखान यांनी लीगचे मंत्रिमंडळ बनवले. मार्च १९४५ मध्ये ते पाडून डॉक्टर परत आले. इतर प्रांतांतली काँग्रेस अजून सत्तेबाहेर होती, तेव्हा पेशावरात तिचे सरकार बसले. त्यांनी तुरुंगातल्या खिदमतगारांना सोडले, त्यांत गफारखानही होते.

१९४६च्या सुरुवातीच्या निवडणुकीत लीगने पाकिस्तानच्या प्रश्नावर मते मागितली. बहुतेक प्रांतांत मुसलमानांच्या राखीव जागा तिने झाडून नेल्या. सरहद्दीत मात्र काँग्रेसला ३० जागा मिळाल्या आणि लीगला १७. मुसलमानांच्या ३८ जागांपैकी १९ काँग्रेसने जिंकल्या. बॅरिस्टर जिना मांडत असलेल्या द्विराष्ट्र सिद्धान्ताला भारतातल्या सर्वाधिक मुस्लिमबहुल प्रांताने मतपेटीतून दिलेले हे उत्तर होते. पुढे दीड वर्षात हे उत्तर पुसले गेले. ते कसे, हाच सरहद्दीच्या शोकांतिकेचा गाभा आहे.

मलाकंदचे दगड

सप्टेंबर १९४६ मध्ये दिल्लीत हंगामी सरकार आले आणि नेहरूंकडे परराष्ट्र खाते आले. टोळ्यांचा मुलूख त्याच खात्याखाली येत होता. नेहरूंनी ऑक्टोबरात तिथे जायचे ठरवले. नवे गव्हर्नर सर ओलाफ केरो यांनी नको म्हणून सांगितले. नेहरूंनी ऐकले नाही. पेशावरच्या विमानतळावर काळ्या निशाणांनी त्यांचे स्वागत झाले. वझिरिस्तानात मलिकांनी त्यांना उद्धटपणे उत्तरे दिली. मलाकंदच्या रस्त्यावर जमावाने गाड्यांवर दगडांचा वर्षाव केला आणि दोन्ही भावांना इजा झाली. डॉक्टरांनी बरोबरच्या अधिकाऱ्याचे पिस्तूल घेऊन जमावावर रोखले, तेव्हा वाट मोकळी झाली. शेजारी बसलेल्या गफारखानांनी आयुष्यात हे केले नसते. अहिंसा हे डॉक्टरांनी स्वीकारलेले धोरण होते, त्यांचा धर्म नव्हता.

या दौऱ्याने दोन गोष्टी उघड केल्या. एक, टोळ्यांच्या मुलखात काँग्रेसचे काही चालत नाही. गव्हर्नर आणि पोलिटिकल एजंट यांनी वर्षानुवर्षे पोसलेले हितसंबंध तिथे लीगच्या बाजूने झुकले होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. वर्षभरापूर्वीची हवा बदलत चालली होती. कलकत्त्यापाठोपाठ बिहारमध्ये मुसलमानांच्या कत्तली झाल्या. त्यांच्या कहाण्या आणि निर्वासित सरहद्दीत पोचले. इस्लाम धोक्यात असल्याची हाक आता निव्वळ प्रचार वाटेनाशी झाली. मानकी शरीफच्या पिरांसारखे धर्मगुरू लीगच्या मदतीला आले. कालपर्यंत काँग्रेसमध्ये असलेले अब्दुल कय्यूम खान (हे साहेबजादा अब्दुल कय्यूम नव्हेत) लीगचे सेनापती झाले.

१९४७च्या फेब्रुवारीत हजारा जिल्ह्यातल्या एका शीख स्त्रीच्या निमित्ताने आग भडकली. दंगलीत नातलग गमावलेल्या या स्त्रीचे धर्मांतर करून लग्न लावले गेले होते. डॉक्टरांनी तिला संरक्षण दिले आणि तिची इच्छा विचारली. तिला आपल्या माणसांत परत जायचे होते, तसे तिला जाऊ दिले. लीगने त्याला इस्लामद्रोह ठरवले. मोर्चे थेट डॉक्टरांच्या घरावर आले, नेत्यांना अटक झाली, तुरुंग भरले. त्या दिवसांत असा निर्णय घेणे म्हणजे आपल्या हाताने आपले सिंहासन हलवणे होते, हे त्यांना नक्की कळत होते. एका निराधार स्त्रीच्या इच्छेला त्यांनी सरकारपेक्षा मोठे मानले. या एका गोष्टीसाठीसुद्धा इतिहासाने त्यांना आदराने आठवावे.

२८ एप्रिलला लॉर्ड माउंटबॅटन पेशावरला आले, तेव्हा लीगने हजारोंचा जमाव गोळा केला होता. व्हाइसरॉय पत्नीसह रेल्वेच्या बांधावर चढले, हात हलवला आणि जमाव निवळला. हे दृश्य पाहून त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली की प्रांताचा कल पुन्हा आजमावला पाहिजे. निवडून आलेल्या सरकारच्या बहुमतापेक्षा रस्त्यावरची गर्दी जड ठरली.

तिसरा पर्याय

फाळणीच्या ३ जूनच्या योजनेत सरहद्दीसाठी सार्वमत ठरले. मतदाराने भारत की पाकिस्तान एवढेच सांगायचे होते. डॉक्टर आणि गफारखान यांचे म्हणणे होते की तिसरा पर्याय हवा, स्वतंत्र पख्तुनिस्तानचा. मागणी गैर नव्हती. पंजाबची फाळणी ठरल्यावर भारत आणि सरहद्द यांच्यामध्ये पाकिस्तान येणार होते. दिल्लीशी भूमीने न जोडलेल्या प्रांताला भारतात जाता का, असे विचारणे म्हणजे प्रश्नातच उत्तर घालणे होते. मग ‘हिंदुस्थान की इस्लाम’ एवढाच अर्थ शिल्लक राहत होता.

माउंटबॅटननी नकार दिला, आणि त्या नकाराचे मूळ दिल्लीच्या काँग्रेसमध्येच होते. मे महिन्यात सिमल्याला माउंटबॅटननी नेहरूंना सत्तांतराचा पहिला मसुदा दाखवला होता. त्यात प्रांतांना स्वतंत्र राहण्याची वाट होती. देशाचे तुकडे तुकडे होतील म्हणून नेहरूंनी त्याला कडाडून विरोध केला आणि ती वाट बंद झाली. बंगाल किंवा कोणा संस्थानिकासाठी लावलेले कुलूप आपल्या सर्वांत निष्ठावान मित्रांच्या दारालाही बसले. काँग्रेस कार्यकारिणीने सार्वमत मान्य केले, तेव्हा गफारखानांनी आम्हाला लांडग्यांपुढे टाकले, असे उद्गार काढले. डॉक्टर संयमी होते, पण घाव दोघांनाही सारखाच लागला होता.

डॉक्टरांच्या मुत्सद्देगिरीची कसोटी या आठवड्यांत लागली आणि तिला यश आले नाही. केरो यांना रजेवर पाठवावे, एवढी मागणी त्यांना मान्य करून घेता आली. त्यांच्या जागी जनरल लॉकहार्ट आले आणि ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली मतदान ठरले. २१ जूनला बन्नू येथे खिदमतगारांच्या नेत्यांनी स्वतंत्र पठाण राज्याचा ठराव केला. तिसरा पर्याय मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी सार्वमतावर बहिष्कार टाकला. मतदानात उतरले असते तर हिंसाचार आणि पठाणांतच रक्तपात झाला असता, ही भीती खरी होती. पण बहिष्काराचा परिणामही ठरलेलाच होता.

६ ते १७ जुलै या काळात मतदान झाले. पाकिस्तानच्या बाजूने २,८९,२४४ मते पडली, भारताच्या बाजूने २,८७४. एकूण मतदार होते ५,७२,७९८. म्हणजे पन्नास टक्क्यांहून किंचित अधिक मतदारांनी पाकिस्तान निवडले आणि जवळजवळ तितकेच मतदानापासून दूर राहिले. टोळ्यांच्या मुलखातल्या लाखो पठाणांना मताधिकारच नव्हता. कायद्याच्या दृष्टीने निकाल स्पष्ट होता. मात्र सगळ्या पठाणांचा तो एकमुखी कौल होता, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. त्याचबरोबर हेही मान्य करावे लागते की १९४६ची लाट ओसरली होती, आणि बहिष्कार न घालताही डॉक्टर हरण्याचीच शक्यता जास्त होती.

डॉक्टरांनी राजीनामा द्यावा असा दबाव आला. आम्ही निवडून आलेले सरकार आहोत, नव्या राष्ट्राच्या कामात अडथळा आणणार नाही, पण कारणाशिवाय पद सोडणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाला मंत्रिमंडळ हजर नव्हते आणि लीगला निमित्त मिळाले. जिनांनी परत बोलावलेल्या कनिंगहॅमच्या हातून त्यांच्या जुन्या मित्राची बरखास्ती झाली. तरीही सप्टेंबरच्या आरंभी सरदरयाब येथे जमलेल्या खिदमतगारांनी पाकिस्तान हा आपला देश असल्याचे जाहीरपणे मान्य केले. त्याचे फळ पुढच्या वर्षी मिळाले. जून १९४८ मध्ये गफारखान तुरुंगात गेले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बाबडा येथे खिदमतगारांच्या जमावावर डॉक्टरांच्या जागी आलेल्या कय्यूम खान सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. बळींचा सरकारी आकडा पंधराच्या आसपास, खिदमतगारांचा कित्येक शेकड्यांत. डॉक्टरांनाही नजरकैदेत टाकले गेले.

दोन भाऊ, दोन वाटा

१९५४ मध्ये या कहाणीला अनपेक्षित वळण मिळाले. ज्या राज्याने डॉक्टरांना कैदेत ठेवले, त्याच राज्याच्या केंद्रीय मंत्रिमंडळात ते दळणवळण मंत्री झाले. पेशावरात पूर्वी डेप्युटी कमिशनर असलेले इस्कंदर मिर्झा त्यांचे जुने स्नेही. तेच आता कराचीत सूत्रे हलवत होते.

तेव्हाच्या पाकिस्तानात निम्म्याहून अधिक लोक पूर्व बंगालात राहत होते. त्यांचे संख्याबळ तोलून धरण्यासाठी पश्चिमेकडचे सगळे प्रांत वितळवून ‘वन युनिट’ म्हणजे एकच पश्चिम पाकिस्तान प्रांत करण्याचा डाव होता. सरहद्द प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री सरदार अब्दुर रशीद यांनी विरोध करताच त्यांना काढून टाकले गेले. १४ ऑक्टोबर १९५५ रोजी एकत्रित प्रांत अस्तित्वात आला आणि त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले डॉक्टर खानसाहेब. सरहद्द नावाचा प्रांत नकाशावरून पुसण्याच्या योजनेला त्याच प्रांताच्या सर्वांत ज्येष्ठ नेत्याने आपले नाव दिले. लीगने साथ सोडली तेव्हा एप्रिल १९५६ मध्ये मिर्झांच्या आशीर्वादाने रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. रातोरात पक्षांतर केलेल्या जमीनदारांचा त्यात भरणा होता. पेशावरच्या पहिल्या सरकारात ज्या वर्गाची सत्ता डॉक्टरांनी कमी केली, त्याच वर्गाच्या खांद्यावर आता त्यांचे सरकार उभे होते.

गफारखान वन युनिटविरुद्ध गावोगाव फिरत होते. जून १९५६ मध्ये त्यांना अटक झाली. पश्चिम पाकिस्तानचे मुख्यमंत्री तेव्हा त्यांचे सख्खे भाऊ होते. न्यायालयाने गफारखानांना १४,००० रुपये दंड केला. तो भरायला त्यांनी नकार दिला तेव्हा त्यांची मालमत्ता जप्त झाली. ज्या दोघांना इंग्रजांनी एकत्र तुरुंगात टाकले, त्यांच्यातला एक स्वतंत्र देशात दुसऱ्याच्या राजवटीत तुरुंगात गेला.

डॉक्टरांनी हे का केले? लोभ हे उत्तर त्यांच्या आयुष्याशी जुळत नाही. सत्तेत राहून माणसांची कामे होतात, बाहेर राहून ती अडतात, हा त्यांचा आयुष्यभराचा विश्वास होता. १९३७ मध्ये तो खरा ठरला होता. १९५५ मध्ये तो फसला, कारण ज्या सत्तेत ते बसले होते तिच्या मागे लोकांची मते नव्हती, कराचीतले नोकरशहा होते. वाटाघाटीला अर्थ असतो तो आपल्या मागे जनता उभी असेपर्यंत. ती नसली की मुत्सद्दी दुसऱ्याच्या डावातला मोहरा होतो. सप्टेंबर १९५७ मध्ये त्याच प्रांताच्या विधानसभेने वन युनिट मोडण्याचा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला. तोवर डॉक्टर मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले होते.

९ मे १९५८ च्या सकाळी लाहोरला मुलाच्या बंगल्याच्या बागेत ते बसले होते. सहकाऱ्याची वाट पाहत होते, निवडणूक प्रचाराच्या दौऱ्यावर निघायचे होते. पहारा नव्हताच. नोकरीवरून काढलेला अता महंमद नावाचा एक पटवारी आत आला आणि त्याने त्यांना सुऱ्याने भोसकले. त्यांचा देह उत्मानझईला नेऊन मेरी यांच्या शेजारी दफन करण्यात आला. पाच महिन्यांनी पाकिस्तानात लष्करी कायदा लागू झाला आणि ज्या निवडणुकीच्या तयारीत त्यांचा जीव गेला ती झालीच नाही.

वन युनिट १९७० मध्ये मोडले गेले. २०१० मध्ये प्रांताच्या नावात पख्तुनांचे नाव आले. डॉक्टर आणि त्यांचे बंधू १९४७ मध्ये जे मागत होते, त्याचा हा फार छोटा अंश आहे.

डॉक्टर खानसाहेबांनी शेवटच्या वर्षांत चूक केली आणि ती मोठी होती. पण त्यांच्यावर निकाल देताना १९४६ची तीस जागांची ती निवडणूक नजरेआड करता येणार नाही. धर्माच्या नावाने मते मागितली जात असताना एका मुस्लिमबहुल प्रांताने ती नाकारली, त्यामागे डॉक्टरांचे दशकभराचे काम होते. त्या कौलाची राखण करण्यात ब्रिटिश अपयशी ठरले, लीगने तो चिरडला आणि आपल्या काँग्रेसनेही तो सोडून दिला. फाळणी अटळ होती असे आपण सहज म्हणतो. सरहद्दीचा इतिहास वाचला की त्या ‘अटळ’मध्ये कोणाकोणाच्या सह्या होत्या ते दिसते. भारतीयांनी, विशेषतः वर्ध्याची आठवण जपणाऱ्या आपण महाराष्ट्रीयांनी, सरहद्द गांधींच्या जोडीने या डॉक्टरांचाही इतिहास पुन्हा वाचावा.